अर्ध्या घाटातली भाऊबीज

आमच्या रस्त्याला आता नंबर मिळाला आहे. हिरव्या पाटीवर तो पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि खाली दोन मोठ्या शहरांची नावं, एक डोंगराच्या त्या अंगाचं, एक या अंगाचं. मधल्या आम्हा लोकांची गावं बारीक अक्षरांत. माझ्या लहानपणी याच रस्त्याला दोन नावं होती. मोताळ्यात उभं राहून बोललं तर तो बुलढाणा रोड, आणि बुलढाण्यात उभं राहून बोललं तर मलकापूर रोड. रस्ता तोच, पण जो तो आपल्याला जिकडे जायचं तिकडचं नाव घ्यायचा. मला अजूनही तीच पद्धत बरोबर वाटते. नंबराचं काय, तो कुठूनही नंबरच.

यंदाच्या भाऊबीजेला सकाळी मी आईला गाडीत बसवून मोताळ्याहून घाटाकडे निघाले. आई पुढच्या सीटवर. मांडीवर पितळी ताट, त्यात निरांजन, सुपारी, कुंकवाची डबी, अक्षता, वरून रुमाल बांधलेला. पायाशी अनारशांचा डबा. ऐंशीला टेकली आहे, पण ताट दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. मी तिला सीटचा पट्टा लावला तर म्हणाली, "मले काऊन बांधून राह्यली? मी काय पळून जाऊन राह्यली का?"

"पळून गेली असती तं बरं झालं असतं," मी म्हटलं. "कव्हाच माहेरी पोचली असती."

ती खिडकीबाहेर पाहायला लागली. या विषयावर ती नेहमी खिडकीबाहेर पाहते, आणि घरात असली तर भिंतीकडे. आम्ही तिच्या भावाला ओवाळायला निघालो होतो, पण त्याच्या घरी नाही. अर्ध्या घाटात. तिच्या लग्नापासून आजपर्यंत तिची भाऊबीज घाटातच झाली आहे.

तर आधी घाटाचं सांगते. डोंगराने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केलेत, घाटावर आणि घाटाखाली. सोयरीक जमवताना पहिलं विचारतात ते हेच, पोरगी घाटावरची की घाटाखालची. घाटावरच्यांना वाटतं, खालच्या लोकांचं डोकं उन्हाने तापलेलं असतं. खालच्यांना वाटतं, वरचे लोक त्यांच्या हवेसारखेच थंड, पाहुण्याला पाणी विचारायला अर्धा तास लावतात. आई घाटावरची, बुलढाण्याची. दिली घाटाखाली, मोताळ्यात. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात म्हणे तिने माठातलं पाणी तोंडाला लावलं आणि रडायलाच लागली, की इथं पाणीही कोमट. वडील ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे. आई तेव्हाही भिंतीकडे पाहायची.

लग्नाला वर्ष होत नाही तोच दोन्हीकडच्या आजोबांचं काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते मला कधीच कळलं नाही. आईला विचारलं की ती म्हणायची, "मोठ्यायचं होतं ते." मामाला विचारलं की तो म्हणायचा, "मी तव्हा लहान होतो." एवढं मात्र सगळ्यांना पाठ होतं, की बुलढाण्याचे आजोबा म्हणाले, मोताळ्याच्या घराचा उंबरा आमच्यातला कोणी ओलांडणार नाही. त्यावर मोताळ्याचे आजोबा म्हणाले, मग आमची सूनही तुमचा उंबरा ओलांडणार नाही. दोघेही जन्मभर कचेरीत कारकुनी केलेले. तोंडातून निघालं म्हणजे त्यावर शिक्का बसला.

आईची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली. धाकट्या वसंताला, म्हणजे माझ्या मामाला, आईनेच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. त्या वर्षी दिवाळी आली, आणि भाऊबीज होणार कुठे, हे दोन्ही घरांत कोणी कोणाला विचारेना. मामाला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. तो आपल्या वडिलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "घाटात कोणाचा उंबरा आहे?" आजोबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. निरोप खाली मोताळ्याला गेला, तिथले आजोबाही काही बोलले नाहीत. आमच्या घरांत त्यालाच होकार म्हणतात.

राजूरच्या घाटात निम्म्यावर एक मोठं वळण होतं. वळणाच्या पोटाशी दगडी टाकं होतं, त्यात डोंगरातून झिरपणारं पाणी साठायचं. टाक्यावर जुनी, पसरलेली चिंच. चढून आलेल्या एसट्या तिथे धापा टाकत उभ्या राहायच्या, ड्रायव्हर डब्याने इंजिनात पाणी ओतायचे, वाफ फुसफुसत वर यायची. तापलेल्या ब्रेकचा करपट वास, डिझेलचा वास, सागाच्या सुक्या पाल्याचा वास, आणि त्यातून टाक्यातल्या शेवाळाचा गार, हिरवा वास. मला गाडी लागायची. त्या वळणावर उतरून मी डोकं टाक्याच्या दगडाला टेकवायचे आणि जग जागेवर यायचं. अजूनही कुठे ब्रेक तापल्याचा वास आला की मला आधी मळमळतं आणि मग उगाचच आनंद होतो.

तिथे भाऊबीज व्हायची. मामा वरून पहिल्या गाडीने येऊन आधी जागा झाडून ठेवायचा, सागाच्या डहाळीने. घरून पाट आणायचा, पिशवीला सुतळीने बांधून. आई खालून यायची. शेजाऱ्यांच्या शेतातला पहिल्या वेच्याचा कापूस ती पदराच्या गाठीत घेऊन यायची आणि वात तिथेच, चिंचेखाली बसून वळायची. सरकी बोटांनी काढून टाकायची, कापूस मांडीवर घोळवायची. घरून वात वळून का आणत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "घरून वळून आणली तं लवकर होते न वं सगळं." तेव्हा मला ते समजलं नव्हतं.

खरी अडचण वाऱ्याची. घाटात वारा दरीतून सरळ वर येतो, निरांजन पेटलं की विझलं. आगपेटी निम्मी संपायची. मग मामाने छत्री आणायला सुरुवात केली. दिवाळीत छत्री घेऊन निघालेला माणूस पाहून बुलढाण्याच्या स्टँडवर लोक हसायचे. मामा पाटावर बसायचा, लांब दांड्याची काळी छत्री उघडून आडवी धरायचा, वाऱ्याच्या बाजूने, ढालीसारखी. दुसऱ्या बाजूला मी आईच्या शालीचं टोक ताणून उभी. त्या एवढ्याशा आडोशात आई ओवाळायची. ज्योत वाकायची, सरळ व्हायची. बाजूने ट्रक जायचे, भोंगा वाजवून जायचे, आणि काही ड्रायव्हर भोंगा न वाजवता हळूच जायचे.

तो अधिकृत थांबा नव्हता. पण कंडक्टर लोकांना आमचं माहीत झालं होतं. आई मोताळ्याला ताट घेऊन चढली की ते तिकीट फाडतानाच म्हणायचे, "घाटातच ना, बाई?" एका वर्षी टाक्यावर गाडी थांबलेली असताना आमचं ओवाळणं चाललं होतं. ड्रायव्हर डबा ठेवून आमच्याकडे पाहत उभा राहिला. मग जवळ आला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, मले बी लावा. माही बहीण परभणीले आहे, सुट्टी नाही भेटली." आईने त्याला मामाच्या पाटावर बसवलं. मामाने त्याच्यासाठी छत्री धरली. गाडीतली माणसं खिडक्यांतून माना काढून पाहत होती, आणि एकानेही उशीर होतो म्हणून आवाज केला नाही.

मामाच्या पिशवीतून सीताफळं निघायची. घाटावरची, डोळे उघडलेली, पिशवीतच फुटलेली. बिया आम्ही दरीत थुंकायचो, कोणाची लांब जाते त्याची पैज. आई अनारसे काढायची. मामा अनारसा तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "खालच्या उन्हात मऊ पडले." आई म्हणायची, "देऊ नोको मंग याले." दरवर्षी हेच. मग वरची गाडी आली की मामा वर, खालची आली की आम्ही खाली. ज्यांची गाडी आधी येईल त्यांचं आईला वाईट वाटायचं. मामाची आधी आली तर तो गेला म्हणून, आमची आधी आली तर तो एकटा राहिला म्हणून.

लेकरांना मात्र शब्द लागू नव्हता. मे महिना लागला की आई मला चिंचेखाली आणून मामाच्या हवाली करायची आणि मी बुलढाण्याला राहायला जायचे. थंड हवेत. रात्री पांघरूण लागायचं, याचं मला केवढं अप्रूप. मामा उशीत निरगुडीचा पाला घालायचा, डोकं दुखत नाही म्हणून. सगळी सुट्टी मी त्या कडसर वासावर झोपायचे. जूनमध्ये त्याच चिंचेखाली मामा मला परत करायचा, आणि आई काही बोलायच्या आधी मला जवळ ओढून माझे केस हुंगायची. आधी लाड वाटायचा. मग एकदा ती डोळे मिटून म्हणाली, "अजून निरगुडीच घालते का वसंता?" तेव्हा कळलं, की ती मला नव्हती हुंगत, तिचं घर हुंगत होती.

परतीच्या गाडीत ती विचारत राहायची. पायरीचा दगड हलतो का अजून. मागच्या दारी पपई आहे का. विहिरीवरचा रहाट करकरतो का. मी काहीही ठोकून द्यायचे. पपई नव्हती तरी आहे म्हणायचे, कारण आहे म्हटलं की ती सीटला डोकं टेकवून जरा वेळ गप्प बसायची.

पावसाळ्यात जाणं नव्हतं. घाटात ढग उतरायचा, पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. राखी मग कंडक्टरच्या हाती जायची. आई स्टँडवर जाऊन पाकीट द्यायची, "वर माहा भाऊ उभा असंल, उंच आहे, छत्री असंल हातात." आणि दुसऱ्या दिवशी उतरत्या गाडीचा कोणीतरी कंडक्टर खिडकीतून ओरडून सांगायचा, "पोचली, बाई." एकही राखी हरवली नाही. आजकाल कुरिअरने पाठवलेलं सामान कुठे आहे हे मोबाईलवर दिसतं म्हणतात. आम्हाला ते तेव्हाही कळायचं.

बुलढाण्याचे आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांना अकोल्याला दवाखान्यात नेलं. दवाखान्याला उंबरा नसतो, म्हणून आई तिथे गेली आणि शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी बसली. नंतर मी विचारलं, काही म्हणाले का? "पाणी मागितलं," आई म्हणाली. त्यांनी शब्द मागे घेतला नाही, तिने घ्या म्हटलं नाही. त्यांच्या तेराव्याला ती मोताळ्यातच होती. पुढे मोताळ्याचे आजोबा गेले. मग माझे वडील गेले. ज्यांनी भांडण केलं ते दोघेही भिंतीवर फोटोत जाऊन बसले, आणि ही बहीण-भाऊ दोघं दरवर्षी आपली घाटात.

मी पुष्कळदा चिडले. म्हटलं, "अवं आई, आता कोण अडवते तुले? माणसंच नाही राह्यली."

"मेलेल्याचा शब्द तं जास्तच पाळा लागते," ती म्हणाली. "जिते असते तं त्यायलेच विचारलं असतं, जाऊ का म्हणून."

मामाही तसाच. त्याने जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधलं, स्लॅबचं, छान. आईला फक्त चिंचेखाली येऊन सांगितलं, घर बांधलं. ये म्हणाला नाही. मला त्याचा रागच आला होता. आईनेही, कसं आहे, एवढं विचारलं नाही. माझ्याकडून मात्र खोदखोदून ऐकलं. स्वयंपाकघर कोणत्या तोंडाला, देवघर कुठे, फरशी कोणत्या रंगाची.

मग रुंदीकरण आलं. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला चिंचेच्या बुंध्यावर पांढरा पट्टा मारलेला होता. मामाने पाट बरोबर त्या पट्ट्याखाली मांडला. धूळ एवढी की आई ओवाळताना खोकत होती. लाल झेंडी घेतलेला मजूर आमच्यासाठी दोन्हीकडची वाहनं थांबवून उभा राहिला. निघताना आईने चिंचेला कुंकू लावलं. मामा म्हणाला, "पुढच्या वर्षी?" आई म्हणाली, "इथंच. जागा कुठं जाते?"

आता हे सगळं डोक्यात घेऊन मी गाडी चालवत होते. घाट सुरू झाला तसा आईने ताट दोन्ही हातांनी धरलं. रस्ता सुरेख झालाय, नाव ठेवायला जागा नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्येही आली नाही. मला मळमळलं नाही. डोंगर सरळ कापलेला, त्यावर लोखंडी जाळी, मध्ये दुभाजक. मी वळण यायची वाट पाहत होते आणि वळण येईना. एक लांब, सपाट बाक आला आणि गेला.

आई म्हणाली, "हे काय ते?"

मी वेग कमी केला. मागून ट्रकने भोंगा दिला. टाकं नव्हतं, चिंच नव्हती, उभं राहायला पाऊल टेकेल एवढी कडाही नव्हती. जिथे पाट मांडायचा ती जागा आता बहुतेक खाली येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला, डांबराखाली होती. मामा कुठे दिसला नाही. फोन लावला तर घाटात रेंज नाही. दुभाजकामुळे वळताही येईना, रस्ता आम्हाला वर नेत राहिला.

घाट संपल्यावर दुभाजकाला खंड पडला. मी तिथे गाडी कडेला घेतली. थंड हवा काचेतून आत आली. "वळवू का?" मी विचारलं.

आई ताटाकडे पाहत होती. रुमालाची गाठ तिने सोडली आणि परत बांधली. "वळून कुठं जातं? थांबाले जागा कुठं आहे खाली?" मग म्हणाली, "त्याले ओवाळल्याबिगर मी घरी नाही जात. चाल त्याच्या दारापर्यंत. दारात ओवाळतो. आत नाही जात मी."

बुलढाण्यात शिरल्यावर ती मान वळवून वळवून पाहत होती. ज्या गावात जन्मली तिथला एकही रस्ता तिला ओळखता येईना. मामाच्या दारात गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "हे नाही." मग कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ दिसलं आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. देवळाच्या मागे बोट दाखवून म्हणाली, "विहीर तिथं होती."

मामी बाहेर आली आणि आईला पाहून दारातच थबकली. "अवो अक्का, हे तं सकाळीच गेले. पाट, छत्री घेऊन."

"कुठं?"

"घाटात. अजून कुठं जाणार?"

तेवढ्यात मामीच्या हातातला फोन वाजला. मामाच होता. एसटीचा कंडक्टर नवा पोरगा, त्याने घाटात गाडी थांबवली नाही, थांबा नाही म्हणाला, आणि थेट मोताळ्याला नेऊन उतरवलं. मामा आमचं घर विचारत विचारत गेला होता आणि आता आमच्या ओट्यावर बसला होता. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून आईच्या पुढे धरला.

"वसंता, मी तुह्या दारात आहे," आई म्हणाली.

मग मामा म्हणाला, "अन् मी तुह्या ओट्यावर."

मामी तोंडाला पदर लावून हसायला लागली. आई हसली नाही. "शेजारी किल्ली आहे," ती म्हणाली. "घर उघड, आत जा, पाणी पी."

"नाही, अक्का. तुह्या घराले उंबरा आहे. इथंच बरा आहे मी." मग म्हणाला, "खिडकी उघडी टाकून गेली तू. आतले फोटो दिसून राह्यले. आपले बाबा, अन् त्यायच्या बाजूले तुहे सासरे? एकाच भिंतीवर?"

"मंग? कव्हाचे आहेत. मधी तुहे दाजी ठेवले, म्हटलं भांडले तं सोडवतील."

फोनमधून आमच्या गल्लीतल्या कोंबड्याचा आवाज येत होता. "मी येतो," मामा म्हणाला.

"नोको, मीच येतो," आई म्हणाली आणि लगेच थांबली. "नाही. दोघं निघालो तं पुन्हा घाटातच भेटू, अन् आता तिथं उभं राह्याले जागा नाही. तू ये. मी बसतो इथं."

ती खरंच बसली. दाराबाहेर, पायरीजवळ मामीने खुर्ची टाकली त्यावर, मांडीवर ताट घेऊन. मामी तीन-चारदा म्हणाली, अक्का, आत या, ऊन आलं. आई म्हणायची, वसंता येऊ दे. मामी गालात हसायची आणि आत जायची, जास्त आग्रह करायची नाही. मला तो थंडपणा वाटला, घाटावरचा. चहा बाहेर आला. मग मामीने पाठीला टेकू म्हणून उशी आणून दिली. आईने ती पाठीला लावायच्या आधी नाकाशी धरली. आणि तशीच धरून बसली. मी तिकडे न पाहता मोबाईल पाहत राहिले, पण मला काहीच दिसत नव्हतं.

मामा आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीला पाट, काखेत छत्री. पाठीत वाकलाय आता. आईला बाहेर बसलेली पाहून त्याने आधी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "मी नाही सांगितलं. तुमचं तुम्ही सांगा."

"अक्का, आत काऊन नाही गेली?"

"तुले माहीत नाही का, काऊन?"

मामाने पिशवी खाली ठेवली. "उंबरा नाही ओलांडायचा, एवढंच ना? मंग पाह्य ना कुठं आहे उंबरा."

आईने खाली पाहिलं. मीही पाहिलं. बाहेरची पिवळट फरशी दाराच्या चौकटीखालून तशीच सरळ आत गेली होती. मध्ये लाकूड नाही, दगड नाही, बोटभर उंचवटा नाही. त्या दारातून मी कितीदा आत-बाहेर केलं असेल, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मिस्त्री भांडला माह्याशी," मामा म्हणाला. "उंबऱ्याबिगर घर कुठं असते का म्हणे. मी म्हटलं, असते."

"मंग सांगितलं काऊन नाही मले? एवढी वर्सं?"

"बोलावलं असतं तं तुले विचार करा लागला असता, शब्दाचा. म्हटलं, येशील तव्हा दिसेल."

आई उठली. गुडघे धरून, हळूहळू. एका हाताने चौकटीचा आधार घ्यायचा म्हणून तिने ताट माझ्या हातात दिलं, माझ्या आठवणीत पहिल्यांदा. पाय उचलायची गरज नव्हती, तरी तिने उचलला, उंबरा असल्यासारखा उंच, आणि आत ठेवला. मग मागे वळून म्हणाली, "ये, वसंता."

"माह्याच घरात मले ये म्हणून राह्यली," मामा म्हणाला आणि पिशवीला बांधलेल्या पाटाची सुतळी सोडू लागला.

पाट मांडला. आईने पदराच्या गाठीतून कापूस काढला आणि सावकाश, मांडीवर घोळवून वात वळली. कोणीही घाई केली नाही. मामाने पंखा बंद केला. निरांजन एका काडीत पेटलं आणि ज्योत सरळ उभी राहिली, हललीसुद्धा नाही. आई ताट हातात घेऊन उभी होती, पण तिचा हात पुढे जाईना.

"काय झालं, अक्का?" मामी म्हणाली.

"छत्री उघड," आई मामाला म्हणाली.

"अवो, घरात कुठं वारा आहे?" मामी म्हणाली.

"नसू दे. मले तशी सवय नाही."

मी आईच्या खांद्यावरच्या शालीचं टोक धरून ताणलं. मामाने कोपऱ्यात ठेवलेली छत्री ओढून घेतली आणि पाटावर बसल्या बसल्या उघडली.